दिव्यांग आणि डोंगर : मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट लहान आहे. डोंबिवली, परळ, विरार, पनवेल अशा चार दिशांना राहणारी माणसं. कुणाचा पाय कृत्रिम, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, आणि सोबतीला हातपाय धड असलेले काही मित्र. पावसाळा सरला की अधूनमधून रविवार सह्याद्रीत काढायचा, एवढाच उद्योग. फोनवर आणि परतीच्या लोकलमध्ये तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. लिहिणाऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, त्यामुळे पायाबद्दल जरा जास्तच लिहिलं गेलंय. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी ते प्रश्न ओलांडून पुढे जावं.

पाय नसताना डोंगर चढता येतो हे खरं, की नुसत्या पेपरातल्या गोष्टी?

खरं आहे, आणि तारखांसकट नोंदलेलं आहे.

टॉम व्हिटेकर यांचं उजवं पाऊल १९७९ साली मोटार अपघातात गेलं. २७ मे १९९८ रोजी, तिसऱ्या प्रयत्नात, ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. पाऊल नसलेला माणूस तिथे पहिल्यांदाच पोचला होता. त्याच मे महिन्यात सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्ट चढणारे पहिले मराठी गिर्यारोहक ठरले, त्यामुळे आपल्याकडे १९९८ म्हटलं की चव्हाणांचं नाव निघतं आणि व्हिटेकर मागे राहतात. साहजिक आहे.

न्यूझीलंडचे मार्क इंग्लिस १९८२ मध्ये माउंट कुकवर वादळात अडकले. बर्फातल्या गुहेत जवळपास दोन आठवडे काढले आणि हिमदंशाने दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावले. ते २००६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर गेले. मधल्या काळात त्यांनी २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगचं रौप्यपदकही घेतलं होतं.

चीनच्या शिया बोयू यांची गोष्ट ऐकताना आमच्या गटातले वयस्कर सरसावून बसतात. १९७५ च्या मोहिमेत त्यांनी आपली स्लीपिंग बॅग आजारी सहकाऱ्याला दिली, आणि हिमदंशात स्वतःची दोन्ही पावलं गेली. पुढे १९९६ मध्ये कर्करोगामुळे पाय आणखी वर, गुडघ्याखाली कापावे लागले. नंतरच्या प्रयत्नांत २०१४ ला हिमस्खलन आडवं आलं, २०१५ ला भूकंप, २०१६ ला तर शिखर हाताच्या अंतरावर असताना वादळ. १४ मे २०१८ रोजी ते माथ्यावर उभे होते. वय ६९.

आणि आपल्या अरुणिमा सिन्हा. एप्रिल २०११ मध्ये बरेलीजवळ चोरांनी त्यांना धावत्या गाडीतून खाली ढकललं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बरं वाटताच त्या एव्हरेस्ट चढलेल्या पहिल्या भारतीय स्त्री बचेंद्री पाल यांच्याकडे गेल्या, उत्तरकाशीला शिकल्या आणि २१ मे २०१३ रोजी एव्हरेस्टवर पोचल्या. एक पाय गमावलेली स्त्री तिथे त्याआधी पोचली नव्हती. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोकलच्या रुळांवर पाय गमावलेल्यांच्या या शहरात त्यांची गोष्ट सांगावी लागत नाही. ती सगळ्यांना आधीच माहीत असते.

मात्र ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. वरच्या चौघांचेही पाय गुडघ्याखालीच कापलेले होते. आमच्यात नवा माणूस आला की पहिला प्रश्न तोच असतो : गुडघा आहे का? गुडघा असला की पायरीवर शरीर उचलणारा स्नायू तुमचा स्वतःचा असतो. नसला की गणित फार बदलतं.

माझा पाय मांडीपासून गेलाय. मग मी विचारच सोडून द्यायचा का?

सोडू नका, पण घाईही करू नका. चालायलाच तुमची ताकद कितीतरी जास्त खर्च होते, चढावर त्याहून जास्त. कृत्रिम गुडघा सपाटीवर आणि सारख्या उंचीच्या पायऱ्यांवर बरा वागतो. किल्ल्याची एक पायरी वीतभर आणि पुढची मांडीएवढी असते, तिथे तो गोंधळतो.

हरी बुढा मगर हे नेपाळचे माजी गोरखा सैनिक. २०१० मध्ये अफगाणिस्तानात सुरुंगाच्या स्फोटात त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यांच्या वर गेले. १९ मे २०२३ रोजी ते एव्हरेस्टवर पोचले, दोन्ही पाय मांडीपासून नसलेले पहिलेच. डोंगरावर ते बुटके पाय वापरतात. उंची कमी झाली की तोल सांभाळणं सोपं जातं आणि पडलं तरी लागतं कमी. आरशात कसं दिसतं याची पर्वा सोडावी लागते, आणि ते काहींना डोंगरापेक्षा अवघड जातं. तुमच्या प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्याकडे, हा विषय काढून बघा.

मुंबईत राहून सुरुवात कुठून करायची?

रेल्वेच्या पुलावरून. थट्टा करत नाही. दादरचा पूल गर्दीच्या वेळेत, पाठीवर दोन लिटर पाण्याची सॅक घेऊन, कठड्याला हात न लावता चढून-उतरून बघा. धक्के खात तोल राखणं हा मुंबईकराचा मूळचा सराव, डोंगरावर तो कामी येतो. सरकता जिना असेल तर त्याच्याकडे पाठ करा. इमारतीचा जिना तर घरचाच, आणि लिफ्ट बंद पडली तर आठवड्याचा सराव सोसायटी करून घेते.

मग शहरातल्याच टेकड्या. शीवचा किल्ला स्टेशनपासून जवळ आहे आणि चढ छोटा आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा बेसॉल्टचा उभा सुळका, माथ्यावर गावदेवीचं मंदिर आणि तिथवर पायऱ्या. या पायऱ्या फार उभ्या आहेत. खाली उतरताना पाय कुठे थरथरतो ते तुम्हाला तिथेच कळेल, आणि थरथरला तर खाली रिक्षा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांपर्यंत बस जाते, पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या. त्या झिजलेल्या, उतरत्या, असमान आहेत. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर जे भेटणार आहे त्याचा नमुनाच.

त्यानंतर लोहगड. लोणावळ्याहून पुण्याची लोकल पकडून मळवलीला उतरायचं किंवा गाडीने थेट लोहगडवाडीत जायचं. वाडीपासून माथ्यापर्यंत बांधलेल्या पायऱ्या आहेत, दरवाजांत सावली आहे, दमलं की बसायला जागा आहे. कोरीगडही असाच पायऱ्यांचा. राजमाची लोणावळ्याच्या बाजूने चढ कमी पण चाल लांबलचक. स्टंपला, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या टोकाला, चढापेक्षा चालच जास्त जाचते, म्हणून राजमाचीला आम्ही ‘सोपा’ म्हणत नाही, गावातले लोक काहीही म्हणोत.

कळसूबाई सगळ्यांनाच करायचं असतं, कारण १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. बारी गावातून वाट जाते, कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शिड्यांची भीती घालतात, पण कृत्रिम पायवाल्याला शिडी सोपी जाते : दोन्ही हातांना धरायला आहे आणि प्रत्येक पायरी सारखी आहे. त्रास होतो तो मधल्या मुरुमाच्या घसाऱ्यावर. शिवाय सुट्टीच्या दिवशी शिडीखाली रांग लागते आणि मागचा माणूस ‘चला, चला’ करतो. नवरात्रात आणि नववर्षाच्या आगेमागे तर जाऊच नका. साधा गुरुवार बरा, रजा टाकून.

जयपूर फूटवर ट्रेक होतो का? की महागडा कार्बनचा पायच लागतो?

होतो. जयपूर फूट १९६८ साली तयार झाला तोच मुळी आपल्याकडच्या माणसाला अनवाणी चालता यावं, मांडी घालून बसता यावं, शेतात उतरता यावं यासाठी. राम चंदर शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. रबराचा आहे, ओला झाला तरी बिघडत नाही, घोट्यात सगळ्या बाजूंना थोडा वळतो. खडबडीत जमिनीवर हे वळणं फार मोलाचं. कार्बनचं पाऊल हलकं असतं आणि पुढे ढकलतं, त्यामुळे लांबच्या चालीत दमणूक कमी होते.

खरा फरक पावलापेक्षा सॉकेट करतं, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप ज्यात बसतो तो वरचा साचा. सॉकेट नीट बसलं नसेल तर कितीही भारी पाऊल जोडा, तासाभरात तुम्ही दगडावर बसलेले असाल. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत, किंवा जिथे तुमचा पाय झाला तिथे, मला डोंगर चढायचाय असं आधीच सांगा. सॉकेट बेतताना ते लक्षात घेतात. काही जण सांगायला लाजतात, कारण समोरचा हसेल असं वाटतं. हसला तर हसू द्या, पण सांगा.

स्टंपची काळजी कशी घ्यायची?

हा भाग सगळ्यांत लांब आहे, कारण ट्रेक अर्धवट सोडावा लागतो तो बहुतेक वेळा याच्यापायी. दम लागला तर बसून भागतं, फोड आला की भागत नाही.

सकाळी पाय घालताना घट्ट बसतो आणि दुपारपर्यंत सैल वाटू लागतो. चालून चालून स्टंप आक्रसतो, हाड खाली टेकतं आणि प्रत्येक पावलाला ठणका मारतं. उपाय साधा : वेगवेगळ्या जाडीचे मोजे खिशात ठेवायचे आणि सैल वाटताच एक चढवायचा. ‘वर जाऊन बघू’ म्हणायचं नाही. वर जाईपर्यंत कातडी सोललेली असते.

मग घाम. मुंबईहून आणलेली दमट हवा आणि रबराचा किंवा सिलिकॉनचा लायनर (स्टंपवर चढवायचं आवरण), आत तळंच साचतं. लायनर घसरू लागतो, पाय वळतो. तास-दीड तासाने सावली बघून पाय काढायचा, लायनर पुसायचा, स्टंप कोरडा करून पाच मिनिटं वारा द्यायचा. लोक बघतील. पोरं येऊन विचारतील, ‘काका, हा पाय निघतो?’ हो म्हणायचं, हवा तर हातात द्यायचा. एक अवयव कमी म्हणजे घाम बाहेर टाकायला कातडीही कमी, आणि मेहनत जास्त, म्हणून शरीर लवकर तापतं. सोबतच्या माणसापेक्षा जास्त पाणी लागतं. पाण्यात मीठ-साखर विसरू नका.

पाय काढल्यावर लाल डाग दिसला तर घाबरू नका. पंधरा-वीस मिनिटांत तो फिका पडला पाहिजे. नाही पडला, किंवा तिथे हात लावल्यावर चुरचुरलं, तर त्या दिवशीचा डोंगर संपला. आमच्यात यावर वाद होत नाही.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. उतार हाच खरा कसोटीचा, कारण कृत्रिम घोटा पुढे वाकत नाही आणि उतारावर गुडघा पुढे ढकलला जातो. तीव्र उतारावर सरळ तोंड करून उतरण्याऐवजी आडवं उभं राहून, काठी खालच्या बाजूला टेकत उतरावं. वेळेचा हिशेब करताना उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. धडधाकट मंडळी अर्धा धरतात आणि मग अंधारात बॅटऱ्या शोधतात.

जो पाय नाहीच त्याचा अंगठा दुखतो. डोंगरावर वाढेल का?

काहींना दमल्यावर, काहींना थंडीत रात्री वाढतो. पुष्कळांना चालताना उलट विसर पडतो. पाय काढल्यावर स्टंप चोळणं, ऊब देणं याने आम्हाला बरं वाटतं. औषध चालू असेल तर ट्रेकच्या दिवशी मनाने बंद करू नका.

ज्याला दिसत नाही तो वर जाऊन काय बघणार?

हा प्रश्न नेहमी डोळस माणूस विचारतो. आमच्या परळच्या मित्राचं ठरलेलं उत्तर आहे : ‘तू फोनमध्ये बघतोस, मी निदान डोंगरावर असतो.’

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा छातीवर आदळतो. दरी किती खोल आहे ते आवाज परत यायला लागणाऱ्या वेळावरून कळतं. जंगल संपून उघडा माळ लागला की पावलांचा आवाजच बदलतो. चढाचा अंदाज पोटऱ्या देतात. शिखर गाठल्याची जाणीव डोळ्यांतून येते असं डोळसांनी आपापसात ठरवून टाकलंय.

एरिक वाइहेनमायर २५ मे २००१ रोजी एव्हरेस्टवर पोचले. दृष्टी नसलेले ते पहिलेच. पुढच्या माणसाच्या अंगाला बांधलेली घंटी आणि त्याचं बोलणं यांच्या मागावर ते चालत. खुंबूच्या हिमप्रपातात भेगांवर टाकलेल्या शिड्या बुटाने चाचपत ओलांडल्या. २००४ मध्ये ते तिबेटमधल्या दृष्टिहीन मुलांना घेऊन ल्हाक्पा री या शिखराच्या वाटेला गेले. मुलं माथ्यापर्यंत पोचली नाहीत, ६००० मीटरच्या बरीच वर मात्र गेली. त्या मोहिमेत माथा महत्त्वाचा की मुलांचं एकत्र असणं, यावर मोठ्यांमध्ये मतभेद झाले होते. आमच्याकडेही दर ट्रेकला तोच वाद होतो, फक्त उंची कमी असते.

आणि छोंझिन आंगमो. हिमाचलच्या किन्नौरच्या. लहानपणी दृष्टी गेली, नोकरी युनियन बँकेत. १९ मे २०२५ रोजी त्या एव्हरेस्टवर पोचल्या, दृष्टी नसलेली स्त्री म्हणून जगात पहिल्या. त्यांच्या बँकेचं मुख्यालय आपल्या नरिमन पॉइंटला आहे, म्हणून आमचे बँकवाले सभासद त्यांना हक्काने ‘आमच्यातल्या’ म्हणतात.

मी सोबती म्हणून येऊ इच्छितो. दृष्टिहीन मित्राला कसं न्यायचं?

आधी विचारा. दंड पकडून ओढू नका. ओढलं की त्याचा तोल तुमच्या हाती जातो आणि पडताना दोघं पडता. रुंद वाटेवर तो तुमच्या सॅकचा पट्टा किंवा कोपर धरेल, तुमच्या पाठीच्या हालचालीवरून त्याला पुढचा चढउतार कळतो. अरुंद वाटेवर लांब बांबू बरा : पुढे एक डोळस, मागे एक डोळस, मधे तो, तिघांनी एकाच बाजूने धरलेला.

बोलणं थोडकं आणि नेमकं हवं. ‘सांभाळून’ या शब्दाचा काही उपयोग नाही, त्यातून भीतीच कळते. ‘गुडघाभर पायरी वर’, ‘डावीकडे भिंत, उजवीकडे दरी’, ‘दोन पावलांवर सुटा दगड’, ‘डोक्याजवळ फांदी, वाक’ असं सांगायचं. दरीच्या बाजूला नेहमी सोबती. आणि गप्पाही मारा हो, सारखं रेल्वेची घोषणा केल्यासारखं बोलू नका! समोर काय दिसतंय ते त्याने विचारलं तर सांगा. ‘छान आहे’ एवढ्यावर सोडलंत तर तो पुढच्या वेळी दुसरा सोबती मागेल.

दर तासाला सोबती बदलतो. सतत दोन माणसांसाठी पायाखालची वाट न्याहाळत चालणं डोक्याला थकवतं, आणि थकलेला सोबती पायरी सांगायला विसरतो.

ऐकू न येणाऱ्यांना काय अडचण?

चालायला काहीच नाही. धोका एवढाच की वरून दगड सुटला आणि कुणी ओरडलं तर कळत नाही, शिट्टीचाही उपयोग नाही. म्हणून त्यांना रांगेच्या टोकाला एकटं ठेवायचं नाही. दोराचे झटके, हाताच्या खुणा, अंधारात बॅटरीची उघडझाप, हे निघण्याआधी सगळ्यांनी ठरवून घ्यायचं. सांकेतिक भाषेतल्या दहा-पंधरा खुणा बाकीच्यांनी शिकल्या तर ट्रेकची मजा वाढते.

कुबड्यांवर चढता येईल?

पायऱ्यांच्या किल्ल्यावर हो. कुबडीच्या टोकाचं रबरी बूच नवं हवं, झिजलेलं बूच ओल्या कातळावर दगा देतं. हातमोजे घाला, नाहीतर उतरताना तळहात सोलतात. घसाऱ्यावर कुबड्यांनी जाऊ नका. तिथे बसून सरकणं यात कमीपणा नाही, धडधाकटही तेच करतात.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी काही आहे का?

फार थोडं, आणि खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. रायगडला १९९६ पासून रोपवे आहे, काही मिनिटांत माथा येतो. पण वर सगळं सपाट नाही, ठिकठिकाणी खुर्ची उचलावी लागते, म्हणून चार दणकट माणसं बरोबर हवीत. माथेरानला अमन लॉजपासून मिनीट्रेन आहे. आत लाल मातीच्या वाटांवर पावसाळा सरल्यानंतर, वाट घट्ट असताना, मोठ्या चाकांची खुर्ची चालते.

पावसाळ्यात नेता का?

नाही. शेवाळलेल्या पायरीवर रबरी पाऊल आणि कुबडी दोन्ही घसरतात. दृष्टिहीनांना तर दुहेरी तोटा : रेनकोटच्या टोपीने कान झाकले जातात आणि धबधब्याच्या आवाजात सोबत्याचा शब्द हरवतो. जून ते सप्टेंबर आम्ही भजी खातो आणि जिने चढतो.

घरचे सोडत नाहीत. काय सांगू?

आईला बरोबर आणा. बहुतेक आया लोहगडच्या पहिल्या दरवाजात बसून राहतात, डबे उघडतात आणि पुढच्या ट्रेकला स्वतःहून विचारतात, ‘कधी निघायचं?’ बायकोला किंवा नवऱ्याला पटवणं अधिक कठीण, कारण अपघातानंतरचे महिने त्यांनीच काढलेले असतात. त्यांची भीती खोटी नाही. त्यांना आकडे द्या : किती वाजता कुठे असू, कुणाचा फोन लागेल, जवळचं रुग्णालय कोणतं, परतीची गाडी कोणती.

वडिलांचा पाय मधुमेहाने गेला. त्यांना आणू का?

डॉक्टरांनी होकार दिला तरच, आणि किल्ल्याआधी बरेच महिने शिवाजी पार्कच्या फेऱ्या. मधुमेहात उरलेल्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, बुटातला खडा कळत नाही आणि जखम चिघळते. राहिलेला पाय वाचवणं हे त्यांचं पहिलं काम.

हिमालयात जायचं म्हटलं तर?

आधी सह्याद्रीत सलग दोन दिवस चालून, रात्री मुक्काम करून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टंप सॉकेटमध्ये कुरकुर न करता गेला तर पुढचं बोलू.

उंचीवर हवा विरळ होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश प्राणवायू मिळतो, आणि ३००० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ कुणालाही गाठू शकते. ज्याची चालण्याची मेहनत मुळातच जास्त त्याने दिवस वाढवून घ्यावेत, घाईच्या सहलीत जाऊ नये. थंडीत घामाने ओला लायनर सकाळी बर्फासारखा होतो. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपायचं. अरुणिमा सिन्हांनी सांगितलंय की बर्फावर पाय रोवताना त्यांच्या कृत्रिम पायाची टाच आणि घोटा फिरून जायचा. शूर आहेत हे तर खरंच, पण आमच्यासारख्याला त्यातून कळतं की सॉकेटची पकड बर्फाच्या बुटासकट आधी तपासायची.

अलीकडच्या दोन गोष्टी. सप्टेंबर २०२१ मध्ये दिव्यांगांची आठ जणांची तुकडी सियाचेन हिमनदीवरच्या कुमार पोस्टपर्यंत, १५,००० फुटांच्या वर, गेली. त्यात छोंझिन आंगमोही होत्या. आणि मे २०२४ मध्ये गोव्याचे टिंकेश कौशिक एव्हरेस्ट बेस कॅम्पला पोचले. लहानपणी विजेच्या धक्क्यात त्यांचे दोन्ही पाय आणि एक हात गेलेला आहे.

नेपाळने दिव्यांगांना एव्हरेस्टबंदी केली होती ना?

डिसेंबर २०१७ मध्ये केली होती. दोन्ही पाय नसलेले, दृष्टिहीन आणि एकट्याने चढणारे, तिघांनाही परवाना द्यायचा नाही असा नियम आला. अपघात कमी व्हावेत हे कारण दिलं गेलं. मार्च २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि दोनच महिन्यांत शिया बोयू वर पोचले. मला तो नियम आजही खटकतो, कारण अनुभव किती आहे हे न विचारता अवयव मोजले गेले. पैसे भरून येणाऱ्या धडधाकट नवशिक्यांना कुणी अडवलं नव्हतं.

डोंगर नको, भिंतीवरचं क्लाइंबिंग चालेल?

उत्तम चालेल, आणि हात मजबूत असलेल्यांना तर जास्तच आवडेल. दोर वरून बांधलेला असतो, हात सुटला तर माणूस लोंबकळतो, पडत नाही. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा (दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढण्याचा) विश्वचषक झाला, गिरिविहार या मुंबईतल्या जुन्या गिर्यारोहण संस्थेने तो भरवला. पॅराक्लाइंबिंगमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या क्लाइंबिंगमध्ये, दृष्टी, हात, पाय, स्नायूंची ताकद यांनुसार वेगवेगळे गट असतात. दृष्टिहीन स्पर्धकाला खाली उभा असलेला साथीदार पुढची पकड कुठे आहे ते सांगतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा येतो आहे. बंगळूरच्या मणिकंदन कुमार यांनी पोलिओ झालेल्या पायासह जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवलेलं आहे, त्यामुळे ‘आपल्याकडे कुठे’ हे कारण चालणार नाही.

पुण्याचे दिव्यांशु गणात्रा स्वतः दृष्टिहीन, पॅराग्लायडिंग करतात. त्यांची संस्था दिव्यांग आणि धडधाकट यांना एकत्र साहसी खेळांना नेते. मुंबईहून सोयीचं पडतं.

खर्च किती येतो?

लोहगडला जाण्याचा खर्च तुमच्या मित्राला येतो तेवढाच. कृत्रिम पायाची गोष्ट वेगळी : जयपूर फूट धर्मादाय संस्थांकडून मोफतही मिळतो, सिलिकॉनचा लायनर मात्र खिशाला चांगलाच चटका देतो आणि डोंगरावर लवकर झिजतो. जुना लायनर ट्रेकसाठी राखून ठेवतात काही जण, आम्हाला ते पटत नाही. रेल्वे सवलतीसाठी आणि सरकारी योजनांसाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या.

आमच्या कंपनीत प्रेरणादायी भाषणाला याल का?

येऊ. पण काही गोष्टी आधीच सांगतो.

ओळख करून देताना मागे सनई-व्हायोलिन वाजवू नका. ‘हे करू शकतात तर आपण का नाही’ हे वाक्य सूत्रसंचालकाच्या कागदावरून काढून टाका. आम्ही सॉकेट, मोजे, बांबू आणि वेळापत्रक यांवर बोलतो, लोकांना आधी कंटाळा येतो आणि मग त्यांचे प्रश्न सुरू होतात. व्यासपीठाला पायऱ्या असतील तर कठडा लावा. आणि श्रोत्यांत तुमचे स्वतःचे दिव्यांग कर्मचारी पहिल्या रांगेत असू द्या. एका कार्यालयात भाषण संपल्यावर सगळे टाळ्या वाजवून चहाला गेले. मागे लेखा विभागातला एक जण थांबला होता. त्याने हळूच पँट वर करून त्याचा पाय दाखवला आणि विचारलं, लायनर कुठून घेता? त्या ऑफिसात त्याचा पाय कृत्रिम आहे हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आता तो आमच्याबरोबर येतो, आणि नव्या लोकांना मोज्यांची जाडी तोच समजावतो. माझ्याहून चांगली.

फोटो काढले तर चालतील?

विचारून. पाय काढून बसलेल्या माणसाचा फोटो न विचारता काढणं आणि आंघोळ करणाऱ्याचा काढणं सारखंच. ‘सलाम’ लिहून पसरवायच्या आधी त्या माणसाचं नाव तरी विचारा.

डोंगरावर कृत्रिम पायच मोडला तर?

मार्क इंग्लिस यांचा एव्हरेस्टवर मोडला होता, ६४०० मीटरच्या आसपास. चिकटपट्टी गुंडाळून तात्पुरता सांधला आणि बेस कॅम्पवरून सुटा भाग मागवला. आपल्याला बेस कॅम्प नाही, म्हणून सॅकमध्ये हे ठेवा : पायाच्या बोल्टला बसणारी ॲलन की, रुंद चिकटपट्टी, जादा मोजे, लायनर किंवा बाहेरची स्लीव्ह एक जादा, कोरडा पंचा, जखमेची पट्टी. निघण्याआधी आदल्या रात्री सगळे बोल्ट घट्ट करून बघा, ट्रेनमध्ये नको, तिथे एखादा हमखास सीटखाली घरंगळतो. गटात दोन जणांना तरी पाय उघडून जोडता यायला हवा, कारण ज्याचा मोडलाय त्याला त्या घडीला नीट सुचत नाही. आणि दुमडणाऱ्या कुबड्यांचा एक जोड कुणीतरी वाहतंच. सध्या ती पाळी विरारवाल्यांची आहे.